हत्यारें वेशीवर ठेवा! : शहरांतील शस्त्रबंदीच्या जुन्या कायद्यांची हकीकत

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांचे बोलपट ज्यांनीं एकदां तरी पाहिले असतील, त्यांच्या मनांत तेथल्या गांवांचें एक ठराविक चित्र ठसलेलें असतें. धुळीनें भरलेला एकच रस्ता, दुतर्फा लांकडी दुकानें, दारूच्या गुत्त्याचें हेलकावणारें दार, आणि कमरेला पिस्तूल लटकावून हिंडणारा झाडून सारा पुरुषवर्ग. घरोघरचीं मुलें हें चित्र पाहतात व दुसऱ्या दिवशीं काठीचीं पिस्तुलें करून अंगणांत एकमेकांस यथेच्छ ठार मारतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. आम्हींही लहानपणीं कामट्यांच्या तलवारी केल्याच होत्या. परंतु या चित्रांतील मुख्य गोष्टच खोटी आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्या गांवांच्या नांवावर हे बोलपट निघाले, त्याच गांवांत पिस्तूल लटकावून रस्त्यानें फिरण्यास कायद्यानें बंदी होती. वेशींत शिरतांच हत्यार खाणावळींत, तबेल्यांत किंवा कोतवालाच्या कचेरींत ठेवावयाचें, आणि गांव सोडतांना परत घ्यावयाचें, असा तेथला नियम होता. त्या प्रदेशांतील सर्वांत गाजलेली चकमक तर हा नियम मोडला कीं नाहीं, या एकाच प्रश्नावरून पेटली.

ही केवळ जुनीं कागदपत्रें चाळणाऱ्यांची करमणूक आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. २०२२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, शस्त्रावर घातलेला कोणताही निर्बंध त्या राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशीं जुळला तरच तो टिकेल. तेव्हांपासून तेथले वकील शेंदोनशें वर्षांपूर्वींचे नगरपालिकांचे पोटनियम धुंडाळीत बसले आहेत, आणि त्या पिवळ्या पडलेल्या कागदांवर आजच्या जिवंत माणसांच्या जीविताचा निकाल लागत आहे. इतिहासाच्या शिक्षकास आपल्या विषयाचें महत्त्व वाढल्याचा आनंद व्हावा, पण या बाबतींत आम्हांस त्या आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटते.

मूळ कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील पांचव्या अधिकरणांत, सैन्याचे पगार सांगतां सांगतां, शस्त्रांविषयीं कांहीं सूत्रें आलीं आहेत. आयुधें व कवचें राजमुद्रेची खूण करून आयुधागारांत ठेवावींत, मुद्रेची परवानगी असल्याखेरीज कोणीं सशस्त्र हिंडूं नये, आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांजवळचीं परवान्यावांचूनचीं हत्यारें सीमेवरील अंतपालानें काढून घ्यावींत, असा त्यांचा मथितार्थ आहे. परवाना, नोंद आणि जप्ती हीं आधुनिक शस्त्रकायद्याचीं तिन्हीं अंगें तेथें आहेत. अर्थात् बंदूक तेव्हां नव्हती, आणि हा नियम नागरिकांच्या शांततेपेक्षां राजाच्या सुरक्षिततेकडे पाहून केलेला होता, हें विसरून चालणार नाहीं.

इंग्लंडांत या विषयाचा आरंभ १३२८ सालापासून धरतात. तिसरा एडवर्ड हा तेव्हां पंधरा वर्षांचा पोर होता. त्याच्या बापास पदच्युत करून नुकतेंच कोठें वर्ष उलटलें होतें आणि देशांत सरदारांच्या टोळ्या मोकाट सुटल्या होत्या. नॉर्दॅम्प्टन येथें भरलेल्या पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, राजाचे सेवक व अंमलदार सोडून लहानथोर कोणीही न्यायाधीशांसमोर शस्त्र घेऊन येऊं नये, आणि जत्रेंत, बाजारांत अथवा अन्यत्र रात्रीं किंवा दिवसा सशस्त्र फिरूं नये. जो फिरेल त्याचीं आयुधें जप्त व्हावयाचीं आणि देह राजाची मर्जी होईपर्यंत बंदींत पडावयाचा. हा कायदा तलवारी, भाले व चिलखतें यांच्यासाठीं होता. पुढें मात्र त्याच्या पोटांत पिस्तूलही आलें.

पिस्तूल आलें तें एका यंत्रामुळें. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागे. ती धुमसे, तिचा वास येई, रात्रीं तिचा निखारा दुरून दिसे. असें हत्यार अंगरख्याखालीं लपविणें म्हणजे स्वतःच्याच वस्त्रांना आग लावून घेणें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं कमान देऊन फिरविलेलें पोलादी चाक दगडावर घासून ठिणगी पाडण्याची युक्ति निघाली, आणि बंदूक ठासून, कळ ताणून, खिशांत घालून मनुष्याला कोणाच्याही दाराशीं हंसत जातां येऊं लागलें. या एवढ्याशा चाकानें राज्यकर्त्यांची झोंप उडविली. सम्राट मॅक्सिमिलियन यानें १५१७ च्या सुमारास आपल्या मुलुखांत अशा बंदुकांस बंदी केली. इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यानें वर्षास शंभर पौंडांहून कमी उत्पन्न असणाऱ्यास हातबंदूक बाळगण्याची मनाई झाली, आणि ज्यांना मुभा होती त्यांचीही बंदूक एक वारापेक्षां आंखूड असतां कामा नये असें ठरलें. वार हें माप कां, हें सांगावयास नकोच : वारभर लांबीची वस्तु झग्यांत लपत नाहीं. त्याच कायद्यांत शहरांत अथवा बाजारपेठेंत, किंवा त्यांच्या पाव मैलाच्या आंत, निशाणाचा उंचवटा अगर स्वसंरक्षण यांवांचून बार काढूं नये असेंही कलम होतें. शहर म्हणून वेगळी सीमा आंखून तिच्यांत बंदुकीस निराळा नियम लावण्याचा हा एक आरंभींचा नमुना होय.

हे भय कांहीं पोकळ नव्हतें. १५७० च्या जानेवारींत स्कॉटलंडचा कारभारी मरे याला लिन्‌लिथ्‌गो गांवच्या रस्त्यांतून जातांना एका घराच्या खिडकींतून गोळी घातली गेली; राज्याचा प्रमुख कारभारी बंदुकीनें मारला गेल्याचें हें पहिलें उदाहरण म्हणून सांगतात. १५८४ सालीं हॉलंडचा नेता विल्यम हा डेल्फ्ट येथें आपल्याच वाड्यांत पिस्तुलानें मारला गेला. एलिझाबेथ राणीनें खिशांतल्या पिस्तुलांविरुद्ध जाहीरनामे काढले. मात्र ते एकदांच काढून भागलें नाहीं, पुनःपुन्हां काढावे लागले, यावरून ते कितपत पाळले जात असतील तें उघड आहे.

१६८६ सालीं एक खटला झाला, त्याची आठवण ठेवावयास हवी. सर जॉन नाइट हा ब्रिस्टल शहरांतील एक वजनदार गृहस्थ. तो बंदूक घेऊन रस्त्यांतून फिरला आणि प्रार्थना चालू असतां सेंट मायकेलच्या देवळांत सशस्त्र शिरला, असा त्याच्यावर आरोप होता. खटला भरला तो साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या नॉर्दॅम्प्टनच्या कायद्याखालीं. पंचांनीं त्यास निर्दोष सोडलें. येथेंच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, खटला भरला गेला यावरून शहरांत शस्त्र घेऊन फिरणें हाच मुळीं गुन्हा होता. दुसरा म्हणतो, तो सुटला यावरून नुसतें फिरणें हा गुन्हा नव्हे, लोकांस भेडसावण्याचा दुष्ट हेतु असला पाहिजे. एकाच निकालावरून दोन विरुद्ध सिद्धान्त काढण्याची ही कला आपल्याकडील टीकाकारांसही परकी नाहीं. पण आमचे टीकाकार शब्दांवर भांडत. या भांडणाचा शेवट, पुढें दिसेल त्याप्रमाणें, आजच्या न्यायालयांत झाला.

इंग्रज वसाहतवाले अमेरिकेंत गेले ते हा सारा वारसा बरोबर घेऊन. तेथल्या शहरांतील जुने नियम पाहूं गेल्यास पहिल्यानें जें भय दिसतें तें खुनाचें नसून आगीचें आहे. बोस्टन हें लांकडी घरांचें शहर; १७८३ सालीं तेथें असा कायदा झाला कीं भरलेली बंदूक कोणत्याही घरांत, दुकानांत वा वखारींत आणूं नये. आग विझविण्यास धांवलेल्या माणसांवर जळत्या घरांतील भरलेली बंदूक आपोआप उडाली तर काय होईल, हा त्यामागील सरळ विचार. क्रांतियुद्ध संपतें न संपतें तोंच, ज्या शहरानें त्या युद्धाची ठिणगी टाकली त्या शहरानें हा नियम करावा, यावरून त्या लोकांस बंदुकीचें प्रेम आणि घराची काळजी हीं परस्परविरोधी वाटत नव्हतीं असें दिसतें.

पुढल्या शतकांत लपविलेल्या हत्यारांचा प्रश्न निघाला. केंटकी व लुइझियाना या संस्थानांनीं १८१३ सालीं छुपें हत्यार बाळगण्यास बंदी केली. केंटकींत ब्लिस नांवाच्या गृहस्थाजवळ एक गुप्ती सांपडली. ही आपल्याकडे म्हातारे लोक हातांत धरीत असत तसलीच, काठीच्या पोटांत पातें असलेली वस्तु होय. त्यास शंभर डॉलर दंड झाला. तो वरच्या न्यायालयांत गेला आणि १८२२ सालीं त्या न्यायालयानें कायदाच रद्द ठरविला. तेव्हां केंटकीच्या लोकांनीं १८५० सालीं आपली राज्यघटना बदलून, छुप्या हत्यारांस बंदी करण्याचा अधिकार विधिमंडळास स्पष्ट शब्दांत दिला. एका गुप्तीपायीं घटना बदलावी लागली! जॉर्जियांत १८४६ सालीं न्यायालयानें मधला मार्ग काढला : लपवून नेण्यास बंदी योग्य, उघड नेण्यास बंदी अयोग्य. जो सज्जन आहे तो आपलें शस्त्र सर्वांस दिसेल असें बाळगील, जो लपवितो तो मारेकरी, अशी त्या काळच्या दक्षिणेकडील प्रतिष्ठित मंडळींची समजूत होती. मॅसॅच्युसेट्सनें १८३६ सालीं आणखी निराळी तऱ्हा स्वीकारली. वाजवी भीतीचें कारण नसतां कोणी पिस्तूल वा खंजीर घेऊन फिरत असेल, आणि त्यामुळें शांततेचा भंग होईल असें वाटून कोणीं तक्रार केली, तर त्या मनुष्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेतां येई. आमच्या मतें या साऱ्या प्रकारांत हाच सर्वांत शहाणपणाचा. त्यांत शस्त्र हिसकावणें नाहीं, पण शेजाऱ्याच्या भीतीची दखल आहे.

आतां त्या गुराख्यांच्या गांवांकडे वळूं. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें तेव्हां टेक्सासांत लांब शिंगांचीं जनावरें अमाप वाढलेलीं होतीं व त्यांना तेथें गिऱ्हाईक नव्हतें. पूर्वेकडील शहरांत मांसाला भाव होता. मधें रेल्वे कॅन्सस संस्थानांतून पश्चिमेकडे सरकत होती. तेव्हां हजारों जनावरें शेंकडों मैल हांकीत रेल्वेच्या ठाण्यावर आणावयाचीं, असा धंदा सुरू झाला. १८६७ सालीं ॲबिलीन हें पहिलें ठाणें झालें. पुढें एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी, काल्डवेल अशीं एकामागून एक ठाणीं गाजलीं. महिनोन्‌महिने पाऊस, धूळ आणि जनावरें यांच्या संगतींत काढलेलीं विशीबाविशीचीं पोरें पगाराचे पैसे खिशांत घेऊन गांवांत शिरत. रानांत लांडगा, साप अगर चोर यांच्यासाठीं कमरेचें पिस्तूल गरजेचें होतें. दारूच्या गुत्त्यांत तेंच पिस्तूल शेजाऱ्याच्या पोटाशीं येई.

या गांवांतील वाण्याउदम्यांची पंचाईत ध्यानांत घ्या. हीं पोरें आलीं नाहींत तर दुकान चालत नाहीं, आणि आलीं तर दुकानाच्या कांचा राहत नाहींत. तेव्हां या व्यापाऱ्यांनींच गांवसभा स्थापून प्रथम जे कांहीं पोटनियम केले, त्यांत शस्त्रबंदीचा नियम होता. विचिटाच्या वेशीवर १८७३ मध्यें पाटी लागली कीं पिस्तुलें पोलीस-कचेरींत द्या आणि बिल्ला घ्या. देवळाबाहेर जोडे ठेवून बिल्ला घ्यावा तसें. डॉज सिटींतील भर रस्त्यावरची तशीच एक पाटी त्या काळच्या एका छायाचित्रांत आजही वाचतां येते. तिच्यावरच एका पाचक औषधाची जाहिरात आहे. डॉजमध्यें रेल्वेचे रूळ ही मर्यादा असे : रुळांच्या उत्तरेस हत्यार नको, दक्षिणेस गुत्ते व नाचघरें, तेथें अंमलदार कानाडोळा करीत. कायद्याची ही भूगोलविद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं, पण व्यवहार समजणाऱ्यास ती पटेल.

नियम लिहिणें सोपें. नशेंत असलेल्या मनुष्याच्या हातून पिस्तूल घेणें कठीण. ॲबिलीनचा कोतवाल टॉम स्मिथ याच्याविषयीं अशी ख्याति आहे कीं, १८७० सालीं त्यानें शस्त्रबंदीचा हुकूम मोडणाऱ्या दोघा दांडग्यांस गोळी न झाडतां नुसत्या मुठीनें लोळविलें, आणि मग बाकीच्यांनीं आपण होऊन हत्यारें आणून दिलीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गांवाबाहेर एका वॉरंटाच्या कामीं तो मारला गेला. त्याच्या जागीं आलेला हिकॉक हा मात्र पिस्तुलावरच भिस्त ठेवणारा. १८७१ च्या ऑक्टोबरांत रात्रीं बार ऐकून तो धांवला. ‘कुत्र्यावर झाडला’ असें सांगणाऱ्या जुगारी को याच्याशीं त्याची चकमक उडाली व को पडला. तेवढ्यांत आपल्या बाजूला कोणी धांवून येत आहे असें पाहून हिकॉकनें तिकडेही गोळी झाडली, आणि ती त्याच्या मदतीस येणाऱ्या त्याच्याच दोस्तास लागून तो ठार झाला. वर्ष संपण्यापूर्वीं गांवानें हिकॉकला रजा दिली आणि पुढल्या हंगामांत जनावरें इकडे आणूं नका म्हणून पत्रकच काढलें. डॉज सिटीचा कोतवाल एड मास्टरसन यानें १८७८ च्या एप्रिलांत एका झिंगलेल्या गुराख्याचें पिस्तूल काढून त्याच्या मुकादमाच्या हवालीं केलें. थोड्या वेळानें पाहतो तों तेंच पिस्तूल पुन्हां त्याच गुराख्याच्या अंगावर. तें परत घेण्याच्या झटापटींत मास्टरसनला इतक्या जवळून गोळी लागली कीं त्याचा कोट पेटला. आम्हांस या हकीकतींतील मुकादम हा खरा दोषी वाटतो. हत्यार परत देणारा असा एक भिडस्त मनुष्य प्रत्येक गांवांत असतोच.

इतकें असूनही, इतिहासकार डिक्स्ट्रा यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मोजून दाखविलें कीं, १८७० ते १८८५ या काळांत या पांच गांवांत मिळून ४५ मनुष्यवध झाले, म्हणजे दर गांवीं दर हंगामास सरासरी दीड. एका बोलपटांत त्याहून अधिक मरतात. पण या आंकड्याला दुसरी बाजू आहे : १८८० सालीं डॉज सिटीची वस्ती अवघी हजारभर होती. हजारांत एक-दीड हें प्रमाण आपल्या एखाद्या मोठ्या शहरास लावून पाहावें, म्हणजे अंगावर कांटा येईल. तेव्हां हीं गांवें बोलपटांतल्याइतकीं रक्तरंजित नव्हतीं, आणि शांतिनिकेतनेंही नव्हतीं.

ॲरिझोनांतील टूम्बस्टोन हें गांव जनावरांचें नव्हे, चांदीचें. ‘थडग्याचा दगड’ हें त्याचें नांव. त्या उजाड प्रदेशांत तुला दुसरें कांहीं मिळणार नाहीं, असें ज्याला बजावलें होतें त्या खाणशोध्यानेंच तें ठेवलें. १८८० च्या ऑक्टोबरांत तेथील कोतवाल फ्रेड व्हाइट हा एका बंडखोराचें पिस्तूल नळीला धरून ओढीत असतां तें उडून जखमी झाला व दोन दिवसांनीं वारला. मरतांना त्यानें तो अपघात असल्याचें सांगितलें व आरोपी सुटला. पुढें १८८१ च्या १९ एप्रिल रोजीं गांवानें नववा पोटनियम केला. लेखी परवान्यावांचून प्राणघातक हत्यार, मग तें उघड असो वा लपविलेलें, गांवांत बाळगूं नये. मात्र जो नुकताच गांवांत येत आहे किंवा गांव सोडून जात आहे, आणि प्रामाणिकपणें, वाजवी वेळांत, हत्यार ठेवण्याच्या जागीं जात आहे अथवा तेथून घेऊन निघाला आहे, त्यास ही बंदी लागू नाहीं. दक्षिणेकडील ‘उघड चालेल, छुपें नको’ हा भेद येथें पार पुसून गेला.

त्याच वर्षाच्या २६ ऑक्टोबरची गोष्ट. आइक क्लँटन नांवाचा गुराखी आदल्या रात्रीं दारू पिऊन गांवांतील अर्प बंधूंना व त्यांचा दोस्त डॉक हॉलिडे याला धमक्या देत होता. सकाळीं तो रायफल व पिस्तूल घेऊन रस्त्यांतून त्यांना शोधीत हिंडूं लागला. गांवचा कोतवाल व्हर्जिल अर्प यानें मागून जाऊन त्याच्या डोक्यांत पिस्तुलाचा फटका हाणला, हत्यारें काढून घेतलीं आणि न्यायाधीशापुढें उभें केलें. पंचवीस डॉलर दंड व अडीच डॉलर खर्च. त्याचीं हत्यारें एका हॉटेलांत जमा झालीं. येथवर नववा पोटनियम बिनबोभाट पार पडला.

दुपारीं आइकचा भाऊ बिली आणि फ्रँक मॅक्‌लॉरी गांवांत आले; फ्रँकचा भाऊ टॉम आधींच गांवांत होता. त्यांच्यापैकीं कांहींजवळ हत्यारें होतीं. जिल्ह्याचा शेरीफ बीहन त्यांना हत्यारें टाकण्यास सांगूं लागला. फ्रँक म्हणाला, आधीं अर्प मंडळींचीं काढून घ्या. इकडे व्हर्जिलनें आपले भाऊ वायट व मॉर्गन आणि तो तापट, क्षयी हॉलिडे यांना मदतीस घेतलें. शेरीफानें वाटेंत अडविलें त्यास न जुमानतां चौघे फ्लायच्या छायाचित्रशाळेजवळच्या पंधरा-वीस फूट रुंद मोकळ्या जागेंत शिरले. व्हर्जिलनें हत्यारें मागितलीं. पुढील सुमारें तीस सेकंदांत तीसएक गोळ्या झडल्या. बिली, फ्रँक व टॉम मेले. व्हर्जिल व मॉर्गन जखमी झाले. ही जागा ओ. के. कोरल या तबेल्यांत नव्हतीच, त्याच्या मागच्या बाजूस थोडी दूर होती. पण १९५७ च्या बोलपटाला तेंच नांव मिळालें आणि तेंच जगाच्या तोंडीं बसलें.

खटल्यांत वाद झाला तो याच प्रश्नावर. मेलेले इसम घोड्यांजवळ उभे होते, गांव सोडून चाललेच होते, म्हणून त्यांच्यावर पोटनियम लागूच नव्हता, असें फिर्यादी पक्षानें म्हणावयाचें. ते मुद्दाम थांबले होते, म्हणून कोतवालाचें कर्तव्यच होतें, असें दुसऱ्या पक्षानें. टॉम मॅक्‌लॉरीजवळ हत्यार होतें कीं नव्हतें, यावर तर आजतागायत एकमत नाहीं. न्यायाधीश स्पायसर यांनीं महिनाभर साक्षी घेऊन ३० नोव्हेंबर रोजीं अर्प मंडळींस सोडलें. मात्र ज्यांचें आधींच वैर होतें त्या वायटला व हॉलिडेला कोतवालानें अशा कामीं सोबत न्यावें हें अविचाराचें झालें, असा शेराही त्यांनीं मारला. आम्हांस त्या साऱ्या निकालपत्रांत हा शेरा सर्वांत मोलाचा वाटतो. हत्यार मागणारा हात भांडणांतलाच असेल तर कायद्याची मागणी आणि शत्रूचें आव्हान यांत फरक कसा करावा? फ्रँक मॅक्‌लॉरी हा कांहीं संत नव्हता, पण ‘आधीं त्यांचीं काढा’ हें त्याचें म्हणणें अगदींच वेडेपणाचें नव्हतें. आणखी एक गोष्ट. ज्या आइकनें हें भांडण पेटविलें, त्याच्याजवळ त्या वेळीं हत्यार नव्हतें, कारण सकाळींच तें जमा झालें होतें. तो हात वर करून पळाला आणि वांचला. व्हर्जिलवर डिसेंबरांत अंधारांतून हल्ला होऊन त्याचा एक हात कायमचा निकामी झाला; मार्चांत मॉर्गन मारला गेला. १८८९ सालीं साऱ्या ॲरिझोना प्रांतांत गांवांतून हत्यार नेण्यास बंदी झाली.

असे कायदे कोणाच्या हातीं आहेत, यावर सारें अवलंबून असतें. गुलामगिरी गेल्यावर लगेच, १८६५ सालीं, मिसिसिपी संस्थानानें मुक्त झालेल्या काळ्या लोकांस परवान्यावांचून बंदूक बाळगण्याची मनाई केली. गोऱ्यांस ती अट नव्हती. फ्लॉरिडाचा १८९३ चा कायदा शब्दांत सर्वांस सारखा होता, पण १९४१ सालीं तेथल्याच एका न्यायमूर्तींनीं निकालपत्रांत सरळ लिहून टाकलें कीं, तो काळ्या मजुरांस निःशस्त्र करण्यासाठीं होता व गोऱ्यांवर तो लावण्याचा हेतु कधींच नव्हता.

हें वाचून आमच्या वाचकांस लॉर्ड लिटन यांचा १८७८ चा हत्यारांचा कायदा आठवल्याखेरीज राहणार नाहीं. १८५७ व १८६० सालींही असे कायदे झाले होते. परंतु १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून सशस्त्र फिरणें सरसकट गुन्हा ठरला आणि त्याखालील नियमांनीं युरोपियन, अँग्लो-इंडियन इत्यादिकांस सूट मिळाली. शेतांत रानडुकरें शिरलीं तरी कुणब्यानें परवान्यासाठीं खेटे घालावे आणि कालपरवां आलेल्या साहेबानें खुशाल बंदूक टांगावी, हा अन्याय इतका बोचला कीं १८८७ सालच्या मद्रास येथील राष्ट्रसभेंत त्याविरुद्ध ठराव झाला. वंशभेदावरची ती सूट १९२० च्या नियमांनीं गेली. त्याआधीं १८९७ च्या २२ जून रोजीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें, त्यावरून त्या कायद्यानें पिस्तुलें नाहींशीं झालीं नव्हतीं हें सिद्धच झालें. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यांत परवाना राहिला, गोऱ्याकाळ्याचा भेद राहिला नाहीं.

न्यूयॉर्क शहरांत १९११ च्या जानेवारींत डेव्हिड फिलिप्स या कादंबरीकाराचा भर रस्त्यांत पिस्तुलानें खून झाला. त्याच वर्षीं सलिव्हन नांवाच्या पुढाऱ्याच्या खटपटीनें कायदा झाला कीं, लपवितां येण्याजोग्या लहान शस्त्रास परवाना हवा, आणि परवान्यावांचून तें घेऊन फिरणें हा मोठा गुन्हा. पुढें ‘योग्य कारण दाखवा’ ही अट त्यास जोडली गेली. शंभरांहून अधिक वर्षें ती चालली. २०२२ च्या २३ जून रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. न्यायमूर्ति थॉमस यांनीं नॉर्दॅम्प्टनचा कायदा, सर जॉन नाइटचा खटला, मॅसॅच्युसेट्सचा जामीन हीं सारीं प्रकरणें उलगडून पाहिलीं आणि त्यांत सरसकट बंदीचा आधार नाहीं असें ठरविलें. पश्चिमेकडील प्रांतांचे कायदे त्यांनीं बाजूस सारले, कारण त्या प्रांतांत राष्ट्राच्या लोकसंख्येचा शेंकडा एकही भाग राहत नव्हता. टूम्बस्टोनची साक्ष ही अशी खर्ची पडली. आम्हांस हें तितकेंसें पटत नाहीं. ज्यांच्या दारांत रोज गोळ्या उडत, त्यांनीं काय उपाय केला हें विचारतांना डोकीं मोजून कसें चालेल?

दोनच वर्षांनीं, २०२४ च्या जूनमध्यें, दुसरा खटला आला. एका पुरुषानें आपल्या मुलाच्या आईस मारहाण केल्यामुळें न्यायालयानें त्याला तिच्यापासून दूर राहण्याचा हुकूम केला होता. असा हुकूम ज्यावर आहे त्यानें शस्त्र बाळगूं नये, या कायद्यास त्यानें आव्हान दिलें. या वेळीं आठ विरुद्ध एक मतांनीं कायदा टिकला. आणि आधार कोणता, तर तोच जुना जामीन घेण्याचा नियम व लोकांस भेडसावीत सशस्त्र फिरण्याविरुद्धचा तोच जुना गुन्हा. पंधरा वर्षांच्या राजाच्या पार्लमेंटानें दंगेखोर सरदारांसाठीं केलेल्या कायद्याची लांबची नात अशा रीतीनें एका बाईच्या घराच्या उंबरठ्यावर उभी राहिली.

ॲरिझोनांत २०१० पासून छुपें हत्यार बाळगण्यासही प्रौढ नागरिकास परवाना लागत नाहीं. टूम्बस्टोन गांव आतां प्रवाशांवर जगतें. तेथें ती तीस सेकंदांची चकमक रोज नाटकासारखी करून दाखवितात. २०१५ च्या ऑक्टोबरांत अशाच एका खेळांत एक नट उशिरां आला, त्याचें पिस्तूल तपासावयाचें राहून गेलें, आणि त्यांतून खरी गोळी सुटून समोरचा नट जखमी झाला. त्यानंतर हत्यारें तपासण्याची व्यवस्था नीट होईपर्यंत त्या मंडळींचे खेळ गांवानें बंद ठेवले.